दोन-दोन थेंब

साठ किलो कांदा आणि आम्ही पाचजणी.
वडगावच्या कार्यालयात, मागल्या पडवीत
पोती उसवली तेव्हा पावणेचार वाजले होते.
नवरीकडचे हॉलमध्ये घोरत होते अजून.

कमळाक्का म्हणाली, सोलून पाण्यात टाका की,
पाण्यालाच रडू दे.
टाकले. मग हातातनं निसटायला लागले,
एक तर विळीवरनं थेट गटारीत,
आणि आचारी वरडला.

सुगंधाचं म्हणणं, दातात खोबऱ्याचा तुकडा धरायचा,
चावायचा नाही.
तिनं तीन चावले. रडली ती रडलीच,
वर नारळ मोजणाऱ्यानं नाव टिपून घेतलं.

माझ्या दिरानं उद्यमबागेतनं
वेल्डिंगचा चष्मा आणून दिलेला, काळा कुळकुळीत.
घातला. डोळ्याला काही झोंबलं नाही.
कांदाही दिसला नाही.
ह्या बोटावर खूण आहे बघा अजून.

विळीला धार पाहिजे, ही गोष्ट मात्र खरी.
बोथट विळी कांदा चिरत नाही, चिरडते,
मग तो डूख धरतो.
मुळाकडची गाठ शेवटपर्यंत राखायची,
वारं पाठीमागनं घ्यायचं,
एवढं केलं की निम्मं रडणं वाचतं.
उरलेलं निम्मं पगारात धरलेलं असतं.

एका पोत्यावर कन्नड छापलेलं, एकावर मराठी.
आम्ही मुद्दाम वेगवेगळे चिरून बघितले.
काही फरक नाही.

आणि मल्लव्वा.
भिंतीला टेकून, विळीच्या पाटावर उजवा पाय,
आम्ही एक चिरेपर्यंत तिचे चार,
डोळे ठणठणीत कोरडे.
आचारी तिला पन्नास रुपये जास्ती देतो.
किती वेळा विचारलं, मल्लव्वा, काय लावतीस? कुठला मंत्र?
"उळ्ळागड्डीला माझी वळख पटलीया," म्हणायची,
आणि पुढचा घ्यायची.

त्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती उठल्या.
हात धुऊन ती पिंपाआड गेली, मला खुणावलं,
कमरेची पिशवी सोडली.
पान काढील म्हटलं.
निघाली एक बारकी पांढरी बाटली.
"घाल गं. माझा हात थरथरतोय.
दोन-दोन थेंब. दिवसातनं चारदा."

कसलं औषध?

"पाणी. डोळ्यातलं.
माझं आटलं, तीन वरसं झाली.
आत जळतंय तुमच्यापेक्षा जास्ती,
येत मात्र नाही काय.
डॉक्टर म्हणाला, इकत घे.
एकशे ऐंशीला बाटली, आणि उघडली की
महिन्यात टाकून द्यायची."
हसली.
"ते पन्नास ह्यालाच जातात.
आचाऱ्याला सांगू नको."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिनं मान मागं टाकली.
मी पापणी उघडायला दोन बोटं नेली
आणि तिथंच थांबले.
बोटांना कांदा होता.

लिंबू चोळलं. मग लिंबाचीच भीती वाटली,
म्हणून साबण.
पातेल्याच्या काठावर घासली, धुतली,
नाकाला लावून बघितली, परत घासली.
तिनं मान तशीच धरून ठेवलेली.
वर मांडववाले पंखे उतरवत होते,
ते बघत होती, का नव्हती.

एक. दोन.
पलीकडच्या डोळ्यात एक.
दुसरा चुकला,
नाकाच्या कडेनं घरंगळत ओठापर्यंत आला.
तिनं जिभेनं टिपला. जरा थांबली,
आमटीची चव बघताना थांबते तशी.

"उप्पु कमी," म्हणाली,
"मीठ पायजे होतं थोडं."