पातं

हेक्टर गनच्या दुकानात जमीन समुद्राकडे उतरते.
गालिच्याखाली त्यानं जुनी वर्तमानपत्रं सारलीयत,
तरी चेंडू शेवटी शेवटी डावीकडे वळतोच.
'तेवढं हिशेबात सोडून दे,' तो म्हणतो.
छत्र्यांच्या डब्यात पटर उभे.
बाहेर ब्रोराचा वारा, दाराची फट शोधणारा.

विल्मानं बजावून पाठवलंय: मोठ्या डोक्याचा घे,
या वयात माफ करणाराच बरा.
हेक्टरनंही तोच आधी हातात दिला,
इस्त्रीएवढं बूड, पाठीवर तीन पांढऱ्या रेघा.
'कुठेही लागू दे, हा सांभाळून घेतो.'

मारला. टाचेला लागला, हे मला कळलं,
म्हणजे कळायला हवं होतं. कळलं फार थोडं,
भिंतीपलीकडे कुणी खोकावं तेवढं.
चेंडू मात्र सरळ गेला, पत्र्याच्या मगात जाऊन वाजला.
हेक्टर खूश.
मी नाही.

एकतीस वर्षं लोकरीच्या गिरणीत मी ठाणं तपासली.
उजेडाच्या खिडकीशी कापड ओढायचं,
डोळ्याआधी बोटं पुढे:
इथे गाठ, इथे ताणा तुटलेला,
इथे विणकर जांभई देत होता.
खडूची फुली मारायची, मग सुईनं भरून काढायचं
असं, की गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांना पत्ता लागू नये.
लपवायचं काम माझंच होतं.
पण आधी सापडायला हवं ना.

'ते बारकं दे,' मी म्हटलं. 'ते, टोकाशी खरचटलेलं.'
'ब्लेड?' त्यानं भुवई उचलली. 'ते कुणाची भीड ठेवत नाही.'
दांडा बोटावर आडवा तोलून दाखवला:
टोक हळूच खाली कललं,
रात्रपाळीहून आलेल्या माणसाची मान कलते तसं.
'ज्याचा हात दारासारखा उघडतो-मिटतो, त्याच्यासाठी हे.
नाकासमोर चालणाऱ्यांचं काम नाही. तुझा बघू.'
बघितला. दारासारखाच होता.
बिजागरी कुरकुरते जरा, एवढंच.

त्याच्या तोंडावरून मी नख फिरवलं.
बारीक चरे, तिरप्या विणीसारखे.
गवताचंही पातंच, डोळ्याचंही पातंच,
पण ती लवतात.
हे लवत नाही.

पहिला चेंडू मगाच्या वीतभर अलीकडे मेला.
नजर अजून त्याच्यामागे घरंगळत होती,
तळहात तोवर बोलून मोकळा: टाच.
दुसरा: टोक.
तिसऱ्याला तो काहीच बोलला नाही.
आवाज तेवढा आला,
कात्रीनं शेवटचा दोरा कापावा तसा,
आणि चेंडू मगाच्या काठावरून फिरून बाहेर.
'जमीन,' हेक्टर म्हणाला.
'जमीनच,' मी म्हटलं.

अडतीस पौंड. ग्रिप बदलायचे सहा वेगळे.
ग्रिप राहू दे म्हटलं. दुसऱ्या कुणाचा अंगठा
तिथे आधीच जागा करून गेलाय.
माझा त्यात मावतो, थोडा सैल.

मंगळवारी सातव्या ग्रीनवर
मेंढ्यांसाठी लावलेली तार ओलांडून आम्ही आत गेलो.
पाच फूट. उताराला.
विल्मा झेंडा धरून उभी,
तोंड मिटून, म्हणजे बरंच काही बोलत.
तारेपलीकडे एक मेंढी रवंथ करायची थांबली.

मी मारला.
चेंडू पोहोचायचा होता अजून,
विल्मानं नुसतं 'अगं' म्हणायला तोंड उघडलं होतं,
आणि मी खिशात
खडू चाचपत होते.