लाकडी पुलावरची बस

एकोणतीस वर्षं मी ही बस चालवते आहे,
बिंदारा फाट्यापासून शाळेपर्यंत,
क्वीन्सलँडच्या तांबड्या धुळीतून सव्वीस किलोमीटर.
पाच मिनिटंसुद्धा उशीर नाही,
पुराचं ते एक वर्ष सोडून.

या रस्त्यावर अठ्ठावन्न घरं.
ईनिड पॅस्को गुडघ्याला पट्टा बांधून दारोदार हिंडली,
काखेत वही, एकच प्रश्न:
आपल्याकडे वायूच्या विहिरी हव्यात का?
छप्पन्न घरं नाही म्हणाली.
एकाला कुलूप होतं.
एक रोली ब्रँटचं.

रोलीनं आधीच सही केली होती, चार विहिरींना.
स्वच्छ बुटांचा एक पोरगा आला होता,
म्हणाला, कोळसा आहे तिथेच राहील,
आम्ही फक्त त्यातलं पाणी उपसणार,
वायू आपोआप वर येतो.
रोलीला वाटलं, पाणीच तर आहे.

आता त्याच्या बोअरचं पाणी
ग्लासात सोड्यासारखं फसफसतं
आणि त्याची कुत्री,
जी मेलेलं मेंढरूही सोडत नाही,
भांडं हुंगते आणि मागे सरते.
रोली अळीमिळी गुपचिळी.
मला सांगितलं त्याच्या नातीनं, टिल्डानं,
मागच्या सीटवर, मैत्रिणीच्या कानात.
भिंतींना कान असतात,
ड्रायव्हरला नसतात, असं मुलांना वाटतं.

आज सकाळी समोरून ट्रक आले.
ड्रिलिंगचा मनोरा आडवा बांधलेला,
पुढे पोलिसांची गाडी, गाडीत डॅरल.
तोही याच बसनं शाळेत जायचा.
त्याला गाडी लागायची, मी पिशवी धरायची.

पूल एका गाडीपुरता.
मी मध्यावर आले आणि इंजिन बंद केलं.
काय झालं? डॅरलनं विचारलं.
बंद पडली.
त्यानं किल्लीची जागा पाहिली, मग माझी मूठ.
मुलांना उशीर होईल, म्हणाला.
होईल, मी म्हटलं.

मागे डबे उघडले गेले.
जॉन्टीचा बूट हरवला,
शोधताना दुसराही.

मग आरशात धूळ दिसली.
रोलीचा जुना टेम्पो येऊन
बसच्या अगदी पाठीला टेकला.
तो उतरला, कुणाकडे पाहिलं नाही,
बॉनेट उघडून आत डोकं खुपसलं,
आणि तिथूनच ओरडला,
माझीही.