शेरा सात

भिंतीवर कागद चिकटवून
मी चौकोन काढते आहे, चौकोनांतून बाण.
साठा. गोदी. कस्टमचे परवाने. बिलं.
कुंकळ्येकर शिप स्टोअर्स, वास्को:
बंदरात नांगरलेल्या बोटींना तांदूळ, दोरखंड, रंग, कांदे,
आणि रात्री दोनला कुणी मागितला तर एक बल्बसुद्धा.

"क्लाउडवर कधी जाणार?" विराजबाब विचारतात,
फेरी कधी सुटणार विचारावं तसं.
मी म्हणते, आधी बघू या तरी
आपण उभे कुठे आहोत.

तीन आठवडे नुसती विचारत फिरले.
हे कोण लिहितं, ते कोण वाचतं,
हे बंद पडलं तर पहिला फोन कुणाचा वाजतो.
बाण वाढत गेले,
वाळूत पसरलेल्या रापणीसारखे,
एक दोरा उचलावा तर दहा गाठी हलतात.

जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर.
एसी गळतो. खाली बादली.
दर दोन तासांनी सुलक्षा ती ओतून येते,
सतरा वर्षं.
मी चौकोन काढला: सुलक्षा, बादली.
सोबतचा पोरगा हसला.
मी खोडला नाही.

मग रंग.
हिरवा: आहे तसं उचलायचं.
पिवळा: नव्याने बांधून न्यायचं.
करडा: इथंच राहू दे.
लाल: निरोप.

लाल पेन हातात असताना सापडला शेरा.
जुन्या फॉक्सप्रोत बोटींच्या यादीला एक रकाना:
एक म्हणजे रोख, दोन उधार, तीन एजंटमार्फत...
आणि सात.
सव्वीस वर्षांत अकरा बोटी.
बिलं फाडलेली, वसूल एकही नाही,
सगळी खातं क्रमांक एकवर वळवलेली.
"कचरा असेल," विराजबाब म्हणाले. "काढून टाका."

ज्याने लिहिलं तो कायतान फुर्ताद
पोर्तुगालच्या पासपोर्टावर केव्हाच स्विंडनला गेला.
आमच्याआधी त्याचंच स्थलांतर झालं,
कुठल्याही आराखड्याशिवाय.

रात्री फोन लावला.
मागे गोदामातल्या ट्रॉल्यांचा खडखडाट.
"सात?" तो बराच वेळ गप्प.
"मालक पळून गेल्ली बोट, बाय.
खलाशांक पगार ना, देंवपाची परवानगी ना.
व्हडल्या बाबान सांगिल्लें,
उदक आनी तांदूळ वचूंक जाय.
बील म्हज्या खात्यार.
कोणाक सांगूं नाका म्हणलें,
म्हूण कोडांत घालें."

खातं क्रमांक एक.
वडील वारले त्या वर्षी बंद केलं होतं
विराजबाबनीच.

सकाळी सांगितलं.
ते खिडकीशी गेले. दूर पाण्यात
चार-पाच बोटी, पैकी एकीवर
कित्येक रात्री दिवा लागलेला नाही, हे
मी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिलं असावं.

आमच्या शास्त्रात एक सक्ती आहे:
प्रत्येक चौकोनाला मालक लागतो.
मालक नसलेलं काही पुढे नेत नाहीत.
मी साताचा चौकोन काढला, पिवळा,
मालकाची जागा कोरी ठेवली
आणि कार्निव्हलच्या सुट्टीला मडगावला गेले.

परत आले तर कागदावर
बॉलपेनने लिहिलेलं, घाईचं, तिरकं:
वि. कुं.
आणि खाली: मर्यादा घाला.
आणि मर्यादा खोडलेली.

एका शनिवारी रात्री नेलं सगळं.
साडेसहा तास. एकदा अडकलं, कस्टमच्या तारखांपाशी,
चहा झाला, सुटलं.
शेवटी सात तपासायचा होता.
चाचणीला खोटी बोट हवी, बोटीला नाव हवं.
मी टाइप केलं: सुलक्षा.
मालक: नाही.
मागणी: पाणी, दोन टन.

पडदा क्षणभर थांबला.
मंजूर.

जिन्याखाली सर्व्हर बंद झाला, एसीही.
बादलीत अर्धं पाणी होतं.
सवयीने ती उठली.