पाठकोरे

खोका क्रमांक एकोणीस. धुळीला वास नाही,
गोंदाला आहे, आंबूस, जुन्या पिठासारखा.
बाहेर तार्तूत उणे अकरा,
एमायगी नदीवर बर्फाची साय धरलेली.
आत तळघरात बारा महिने अठरा अंश.
हवा कागदांच्या मर्जीची;
माणसांनी स्वेटर घालावा.

प्राध्यापक एलमार सारापू यांचे कागद.
आयुष्यभर त्यांनी दगडफुलं पाहिली,
भूर्जाच्या सालीवरची, कुंपणाच्या दगडांवरची,
चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवरची.
सूचीत माझ्या आधीच्या कुणीतरी टंकलेलं:
तीनशे चाळीस पाने. एका बाजूस लेखन. पाठकोरी.

मी फक्त पेन्सिलीने क्रमांक घालायला बसले होते.
क्रमांक मागे घालतात, कोपऱ्यात, हलक्या हाताने.
म्हणून पान उलटलं.

बटाटे, दोन पोती.
रॉकेल संपत आलं.
दूध एक लिटर.
वाइकेचे बूट यंदा निभावतील, आत कागद घालून.

अक्षर दुसरं. गोल, घाईचं,
शिसपेन्सिल मध्येच ओली केलेली.
सत्तेचाळीस साल; कागद मोजून मिळत,
नवऱ्याची एक बाजू झाली
की साल्मे दुसरी घ्यायची.
तिचं नाव मला एका रेशनच्या पावतीवर सापडलं,
तेही अर्धं, बाकीचं कुणीतरी फाडून नेलेलं.

पान दोनशे सहा. फेब्रुवारी.
पुढे: भूर्ज, उत्तर बाजू. रंग राखाडी,
कडा कुरतडल्यासारखी. नमुना उत्तम स्थितीत.
मागे नुसते आकडे.
३८.४
३९.१
३९.७
आधी वाटलं, बाजारहाट असेल.
मग खाली वाचलं: रात्री दोन.
पुन्हा ३९.७

त्यानंतर आठ पानं पाठकोरी.
तेवढ्यापुरती सूची खरी आहे.
पुढच्या बाजूला त्यांचा एकही दिवस चुकलेला नाही,
तेच किरटं अक्षर, तीच सरळ ओळ,
फक्त दोनशे नऊवर
एकाच दगडफुलाचं वर्णन दोनदा आलंय,
शब्दन् शब्द तेच,
आणि त्यांना ते कळलेलं दिसत नाही.

पान दोनशे पंधरा:
दूध अर्धा लिटर.
बूट दिले. रॉकेल आलं.

उर्वेला दाखवलं. ती विभागप्रमुख आहे, वाईट बाई नाही.
म्हणाली, कागद ज्याच्या नावाने आले त्याचे,
निर्मात्याच्या रकान्यात एकच नाव मावतं,
शिवाय ही काही संशोधनाची सामग्री नव्हे.
मग चष्मा कपाळावर सरकवून
दोनशे पंधरा वाचत राहिली.
सहा शब्द आहेत. बराच वेळ वाचत राहिली.
निघताना म्हणाली, पेन्सिलीने काय ते कर.

दगडफूल वर्षाला मिलिमीटरभर वाढतं,
त्यांनीच लिहिलंय, पान बारा.
तो भूर्ज तोडला नसेल
तर तो राखाडी डाग आता माझ्या तळहाताएवढा.
ही माहिती कुठल्या रकान्यात घालायची, ठाऊक नाही.

संध्याकाळी सूचीतला एक शब्द खोडला.
यंत्रात त्यांच्या नावापुढे स्वल्पविराम दिला,
साल्मे लिहिलं.
यंत्राने ते लाल केलं: अवैध नोंद.
मी ते तसंच लाल ठेवलं,
दिवे मालवले,
कोट शोधत बसले, तो अंगातच होता.