नान्नजच्या माळावर दोनशे चाळीस फोटो

कॅमेरा जुना. यंगल फोटो स्टुडिओ बंद झाला
तेव्हा घेतला, तीन हप्त्यांत.
बटणाच्या फटीत अजून कुणाच्या तरी लग्नाची हळद आहे.

गड्डा उठला, अमावस्या आली,
आणि मोगलय्यामामा म्हणाला, रात्रीची एकटी जाऊ नको, मी येतो.
एकतीस वर्षं यंत्रमागावर. कान तिथंच राहिले.
त्याच्याशी बोलायचं तर तोंडासमोर जाऊन बोलावं लागतं,
अंधारात तेही नाही.

सोलापूर पाठीमागं ठेवलं. तिकडं आभाळाला
चहा सांडल्यासारखा डाग.
पुढं गवत, एक बाभूळ,
आणि बाभळीच्या शेंड्याशी ध्रुव,
हात ताठ करून मोजला तर दोन मुठींनाही थोडा कमी.
आपल्याकडं तो असा खालीच असतो,
वरच्या फळीवर ठेवायचा राहून गेल्यासारखा.

भिंगावर आडवा आठ असतो, म्हणजे अनंत.
मी सरळ अनंतावर नेऊन ठेवलं.
तारे हरभऱ्याएवढे फुगले.
मग कळलं, अनंताच्या केसभर अलीकडं थांबायचं असतं.
एवढं कळायला पाऊण तास गेला
आणि बोटं गार पडली.

तीस सेकंद उघडं. मिटलं. परत तीस सेकंद.
एक कट्, आणि मग काही नाही.
चादरीतून मामानं विचारलं, चालू आहे का?
मी मान हलवली, ती त्याला दिसली नाही.
तेव्हा त्यानं चाचपत
तिपाईच्या पायावर तळवा ठेवला,
माग चालू आहे की बंद, हे सांगाड्याला हात लावून
ओळखावं तसा,
आणि स्वस्थ बसला.

लांब कुठंतरी लांडगा ओरडला. मी दचकले.
मामाला काय त्याचं.
त्यानं हात काढला तो भाकरी मोडायला.
कडक भाकरी, शेंगाची चटणी.
मोडल्याचा आवाज सबंध माळाला ऐकू गेला,
त्याला सोडून.

उजवीकडून सप्तर्षी वर येत होते,
डावीकडं शर्मिष्ठा उतरत होती,
असं म्हणायचं. डोळ्यांना
यातलं काहीच चालताना दिसत नाही.
एकशे बासष्टाव्या फोटोला बॅटरी गेली.
दुसरी काखेत ऊब देऊन ठेवली होती.
ती बसवेपर्यंत दोन मिनिटं
तारे कुणी न बघता पुढं गेले.

घरी सगळे फोटो एकावर एक रचले.
दोन तासांत आभाळ किती फिरलं?
भाकरीचा बारावा वाटा.
ध्रुवही जागचा हलला होता, कणीएवढा.
लहानपणी काही वेगळंच सांगितलं होतं.

आणि सुरुवातीच्या पन्नास फोटोंत
प्रत्येक तारा थरथरलेला.
तिपाईला हात लावू नये,
हे तर माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे.

मामा चष्मा लावून स्क्रीनपाशी वाकला.
रेघेवरून बोट नेत नेत एका जागी थांबला.
"इथं धागा तुटला."
मग दुसरी रेघ, तिसरी.
"इथंबी. सगळे एकदमच तुटले की गं, सुगुणा.
लाईट गेली होती का?"
हो, मी त्याच्या तोंडासमोर म्हटलं.
"आणि सुरुवातीला हे जाड सूत कुणी लावलं?"

यावर मी काही बोलले नाही.

ते पन्नास काढून टाकले तर चित्र स्वच्छ होतं.
काढून बघितले. प्रत्येक ताऱ्याची
पंचवीस मिनिटं कमी झाली.
परत घातले.

पुढच्या अमावस्येला जायचंय, त्यानं दोनदा विचारलंय.
या खेपेला मी त्याचा हात माझ्या मांडीवर घेणार
आणि कट् वाजला की मनगटावर एक टिचकी.
दर फोटोला एक.
भाकरी तेवढी आधी खाऊन घ्यायची.