चौदा मिनिटं वीस सेकंद

विद्यापीठानं दिलेल्या पडद्यावर
मला आता सगळं दिसतं:
कोण आलं, कोण किती वेळ टिकलं,
कुणी दीडपट वेगानं मला पळवलं
(माझाच आवाज, पण खारीचा).
एकशे बेचाळीस मुलं, एकशे बेचाळीस रेघा,
हिरव्या, पिवळ्या, काही लाल.

त्यातली एक रेघ रात्री
दोन चाळीसला जागी व्हायची.
योगिराज भोये, दुसरं वर्ष, संख्याशास्त्र.
पत्ता पेठ तालुक्यातला,
तो खोडून सातपूर.
भाग सहावा, प्रमाण विचलन.
सुरू व्हायची, नीट चालायची,
आणि चौदा मिनिटं वीस सेकंदांवर
थांबायची.
दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून.
अशा अकरा रात्री.

गंगापूर रोडच्या गारठलेल्या हॉलमध्ये
हातात समोसा देऊन आम्हाला शिकवलं होतं:
विद्यार्थी जिथे थांबतो
तिथे शिक्षकानं जावं.
मी गेले.

चौदा वीसला माझ्या फळ्यावर
ओझरच्या द्राक्षांचे पाच घड आहेत.
तीनशे ग्रॅम, तीनशे चाळीस, साडेतीनशे,
तीनशे साठ, चारशे.
सरासरी साडेतीनशे.
कोण तिच्या किती खाली, कोण किती वर,
सगळ्यांची बेरीज केली
की शून्य.
"शून्य," म्हणून मी चष्मा पुसते.
मागे शेजारच्यांचा कुकर शिट्टी देतो.
बस्स, एवढंच.

मला वाटलं, इथेच अडतंय पोरगं.
रविवारी नवऱ्याला ट्रायपॉडसारखा उभा करून
सगळा भाग पुन्हा केला.
बाण काढले, रंग भरले,
घडांना डोळे नि मिशा लावल्या.
शेवटी पाच प्रश्न, बरोबर आले तर
एक चांदीचा बिल्ला
गिरक्या घेत खाली येतो.
प्राचार्यांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं.
त्या रेघेनं
नवा भाग उघडलासुद्धा नाही.

परीक्षेच्या आदल्या शनिवारी
अभ्यासकेंद्राच्या जिन्यात तो भेटला.
नखांत काळं ग्रीस,
हातात प्लास्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट.
मी विचारलं, अगदी पोलिसासारखं:
चौदा वीसला काय होतं रे?

"भोंगा होतो, मॅडम.
चहाची सुट्टी पंधरा मिनिटं.
हात पुसायला आणि फोन काढायला
चाळीस सेकंद जातात.
पुढं सरकवलं तर नुसतं गोल गोल फिरतं,
म्हणून पहिल्यापासून.
नवीन भाग जड आहे. डेटा पुरत नाही."

पंधरा वजा चाळीस सेकंद.
वीस वर्षं आकडेमोड शिकवते मी.

मग तो जरा लाजून म्हणाला,
"तेवढं सगळं पाठ आहे.
शिट्टीसकट.
पण रोज ते शून्यावरच येऊन थांबतं.
पाच घड तोलले, मांडले, वजा केले
आणि हातात काहीच नाही.
प्रेसवर उभा असतो तेव्हा डोक्यात तेच.
पुढं काय होतं, मॅडम?"

पायरीवर बसलो.
हॉल तिकिटावर लिहू नये म्हणून
त्यानं तिकिटाचीच पिशवी उलटी केली,
आत चहाच्या कूपनांची चळत निघाली.
कूपनांच्या पाठीवर लिहीत गेलो:
उणे पन्नास, उणे दहा, शून्य, दहा, पन्नास.
आता प्रत्येकाचा वर्ग कर.
उणे उरतं का?
"नाही उरत."
कुणी कुणाला खाऊन टाकत नाही आता.
बेरीज कर. पाचानं भाग. मूळ काढ.
त्याचं पेन मधेच वाळलं,
माझं घेतलं.

"बत्तीस," तो म्हणाला.
"बत्तीस ग्रॅम, आणि वर थोडं."
मग बराच वेळ कूपनाकडे बघत राहिला,
सुट्टे परत मोजून घ्यावेत तसा.

रात्री पडदा उघडला.
योगिराज भोये: लाल.
सहभाग नाही. शेवटची नोंद नऊ दिवसांपूर्वी.
आठवणपत्र पाठवायचं का, असं
मला एक चौकोन विचारत होता.

माझं पेन त्याच्याकडेच राहिलंय.
ते कुठल्या रकान्यात भरायचं
हे प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.