सातव्या जागेसाठी

मी फेलिझार्दा.
संघाच्या यादीत शेवटून दुसरी,
डॉक्टरच्या खाली, ड्रायव्हरच्या वर.
किगालीच्या या टेकडीवरच्या हॉटेलात
धुलाईचे दर फेडरेशनने वाचले
आणि माझ्या हातात साबणाच्या चाळीस वड्या ठेवल्या.
तेव्हापासून बारा जणींचा घाम
मी रोज रात्री टबात तुडवते,
कापुलाना गुडघ्यांवर खोचून.

पहिला सामना बावीस गुणांनी जिंकलो.
मापुतोहून भावाचा फोन: चौकातल्या बारवाल्याने
टीव्ही बाहेर रस्त्यावर आणून ठेवलाय.
दुसरा हरलो.
टीव्ही आत गेला.

तिसऱ्याच्या आदल्या रात्री
लाल आणि पांढरे सदरे
एकाच पाण्यात पडले. मीच टाकले,
डोळ्यांवर झोप होती.
सकाळी बाल्कनीतल्या दोरीवर
बारा गुलाबी सदरे,
तान्ह्या बाळाच्या हिरड्यांसारखे.
माझ्या तोंडचं पाणी पळालं,
टबातलं मात्र तिथंच होतं, लालभडक.

कोच अबिलिओ काहीच बोलले नाहीत.
ते चिडतात तेव्हा असंच करतात.
हर्मिनियाने, सहा फूट तीन इंच,
सदरा अंगात चढवून आरशात पाहिलं,
"मावशी, माझ्या लग्नातही
मला कुणी गुलाबी घालू दिलं नव्हतं."
पंचाने नियमांची वही उघडली.
'फिकट रंग', एवढंच लिहिलेलं.
एक बाही खिडकीशी नेऊन
त्याने उजेडात धरली,
पुन्हा धरली,
आणि जा म्हणाला, खेळा.
खेळलो. त्या गुलाबीतच जिंकलो.

मग सेनेगल. जिंकणारा उपांत्य फेरीत.
तीन सेकंद उरलेले, एक गुण मागे,
रेषेवर झुल्मिरा, नऊ नंबर, दोन फ्री थ्रो.
पहिला आत.
दुसरा रिंगवर चढला,
दीड फेरी मारली,
काठावर टेकला, दार वाजवू की नको
अशा विचारात उभ्या पाहुण्यासारखा,
आणि बाहेरच्या बाजूने उतरला.
ज्यादा वेळेत सात गुणांनी हरलो.

त्या रात्री झुल्मिरा टबात उतरली
माझ्यासोबत, न विचारता.
दोघी तुडवत राहिलो.
पाणी तीनदा बदललं.
तिसरं स्वच्छ होतं
तरी तिचे पाय थांबेनात.
मी साबण लपवला.

यापुढचं घरी कुणाला माहीत नसतं.
हरलेल्यांनाही खेळावं लागतं,
पाचवा कोण, सहावा कोण, हे ठरेपर्यंत.
आणखी एक हरलो.
मग शेवटच्या दिवशी, सकाळी साडेनऊला,
सातव्या जागेसाठी, समोर अंगोला.
खुर्च्या दुमडलेल्या. झाडूवाला तिसऱ्या रांगेत.
कॅमेऱ्यावर अजून रात्रीचं कापड.
अंगोलाच्या बाकाच्या टोकाला
टॉवेलांची चळत मांडीवर घेतलेली
माझ्यासारखीच एक बाई.
"तुमच्याकडे पाणी जड आहे का?" तिने विचारलं,
आमचीच पोर्तुगीज, जरा नाकातली.
"जड," मी म्हटलं, "फेसच धरत नाही."
तोवर पहिला डाव संपला होता.

चौथ्या डावात, पंधरा गुणांनी पुढे असताना,
काहीही अडलेलं नसताना,
झुल्मिराला फ्री थ्रो मिळाला.
तिने चेंडू टप टप टप आपटला,
थांबली,
तळवा सदऱ्याला पुसला.
पंच मनात सेकंद मोजत होता, मला दिसत होतं.
चार.
मग तिने फेकला
आणि तो जाळीतून गेला,
जाळी हललीसुद्धा नाही नीट.
तिने वर पाहिलं नाही.
वळली आणि मागे धावत गेली,
आपल्या कोपऱ्यात, हात पसरून.

विमानतळावर सामान मोजताना
एक सदरा कमी भरला.
गुलाबी. नऊ नंबर.
फेडरेशनचा माणूस फॉर्म पुढे करून उभा.
झुल्मिरा आपल्या पिशवीची चेन
उगाचच परत परत लावत होती.
कारणाच्या रकान्यात
मी ठळक अक्षरांत लिहिलं:
धुण्यात गेला.